कलम चौदा आणि एक तांब्या खळ

राज्यात परवाने जिवंत झाले त्या वर्षी सगळ्यात मोठा फटका बसला तो कारखान्यांच्या फाटकासमोरच्या चहाच्या टपऱ्यांना. त्याआधी सांडपाण्याचा परवाना म्हणजे कागद होता. तो चौकटीत बसवून मालकाच्या डोक्यामागे, देवाच्या फोटोच्या डावीकडे टांगायचा. तपासणीला साहेब आले की साहेबांनी कागदाकडे पाहायचं, मालकाने साहेबांकडे पाहायचं आणि दोघांनी मिळून चहा घ्यायचा. मागचा ओढा कधी जांभळा वाहायचा, कधी पोपटी. पण ओढा चौकटीत बसवलेला नसल्यामुळे त्याच्याकडे कुणी पाहत नसे.

मग २०४१ साली सजीव परवाना मंडळ स्थापन झालं आणि कागद गेला. त्याच्या जागी तळहाताएवढी कार्बनची पट्टी आली. पट्टीवर सूक्ष्मजीवांचा पातळ थर, दुधावर साय धरते तसा. म्हणून लोक परवान्याला सायच म्हणू लागले. कारखान्याचं पाणी बाहेर पडण्याआधी ज्या शेवटच्या हौदात थांबतं, तिथे ही पट्टी बुडवून ठेवायची.

तिच्यामागचं शास्त्र तसं जुनंच होतं. तुम्ही-आम्ही अन्न खातो, त्यातून निघालेले इलेक्ट्रॉन शेवटी श्वासातल्या ऑक्सिजनच्या गळ्यात मारतो आणि मोकळे होतो. काही जिवाणूंना ऑक्सिजन लागत नाही. ते इलेक्ट्रॉन समोर येईल त्या धातूला किंवा कार्बनला देऊन टाकतात. त्यामुळे पट्टीतून अगदी बारीक वीज वाहते. साय धडधाकट असली की वीज स्थिर. पाण्यात क्रोमियम आलं, आम्ल वाढलं, की साय गुदमरते आणि वीज पडते. एक चिप ती वीज अहोरात्र मोजत बसलेली असते. काटा विसाच्या खाली गेला की बाहेरची झडप आपोआप बंद होते, पाणी आत तुंबतं, आणि कारखाना थांबतो. मध्ये माणूस नाही. सायीला चहा पाजता येत नाही, तिच्या मुलीच्या लग्नाला जाता येत नाही, आणि तिची बदलीही होत नाही.

परवाना मिळवायचा म्हणजे साय वाढवायची. मंडळाकडून पट्टीवर विरजण मिळायचं. ते आपल्या कारखान्याच्या पाण्याला सरावून घट्ट व्हायला अकरा महिने लागायचे. शेजाऱ्याची साय उसनी आणून चालत नसे, ती परक्या पाण्यात मरायची. पहिल्या खेपेला तोवर कारखाना चालू ठेवायची मुभा होती, पण साय एकदा मेली की पुन्हा पहिल्यापासून अकरा महिने, आणि तेव्हा मुभा नाही.

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या वसाहतीत कुडक्याल डाईंग नावाचं सूत रंगवायचं छोटं युनिट होतं. बेचाळीस माणसं, सहा रंगटाक्या आणि ताण्याच्या सुताला खळ लावायचं एक जुनं यंत्र. नवरा गेल्यापासून सात वर्षं ते श्रीलता कुडक्याल चालवत होत्या. वय चोपन्न, बी.एस्सी. केमिस्ट्री, आणि कुठल्याही छापील गोष्टीची शेवटची ओळ आधी वाचायची सवय.

त्यांची साय नवव्या महिन्यात मरता मरता वाचली. बॉयलर दुरुस्तीला तीन दिवस काम बंद होतं. परवान्याला त्रास नको म्हणून श्रीलताबाईंनी हौदात नळाचं स्वच्छ पाणी सोडून ठेवलं. दुसऱ्या दिवशी काटा साठावरून एकेचाळीसवर आला, तिसऱ्या दिवशी सव्वीसवर. रंगमास्तर याकूबचाचांनी नजर लागल्याचं निदान करून हौदावर लिंबू-मिरची बांधली. काटा चोवीस झाला. संध्याकाळी एका बाईने खळीचं घंगाळ धुतलं, ते पाणी चुकून हौदाच्या वाटेला गेलं, आणि काटा चढू लागला.

श्रीलताबाईंनी मंडळाच्या डॉ. निवेदिता गव्हाणे यांना फोन करून हे सांगितलं. 

"तुम्ही तिला शुद्ध पाणी पाजलंत," डॉ. गव्हाणे म्हणाल्या. "शुद्ध पाण्यात खायला काय असतं?"

"तुमच्या पुस्तिकेत दोनशे बारा विषं दिली आहेत. उपासमार दिलेली नाही."

"समितीत चर्चा झाली होती," डॉ. गव्हाणे म्हणाल्या. "कुठल्याही कारखान्याचं पाणी इतकं स्वच्छ असेल, असं कुणाला वाटलं नाही."

मग श्रीलताबाईंनी रीतसर अर्ज केला. पाण्यातल्या घटकांच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: चिंचोक्याची खळ, रोज एक तांब्या, शेवटून दुसऱ्या हौदात. मंडळाने पंधरा कामाच्या दिवसांनी मंजुरी दिली. त्या दिवसापासून रोज सकाळी सातला खळीची पहिली वाटणी यंत्राआधी सायीला जाऊ लागली. विणकराच्या घरात वाढलेल्या बाईला यात नवीन काही नव्हतं. सणाला माग बंद ठेवायचा तर ताणा कोरडा सोडायचा नाही, आदल्या दिवशी खळीचा हात फिरवून जायचं, हे त्यांच्या आईने त्यांना अक्षरओळखीच्या आधी शिकवलं होतं.

अकराव्या महिन्यात परवाना पक्का झाला, आणि त्याच आठवड्यात धाकटा भाऊ करार घेऊन आला.

अंबादास यनगंदूल हा महाटेरी लिमिटेडचा करार विभागप्रमुख. महाटेरी म्हणजे ओढ्याच्या वरच्या अंगाचा टॉवेलचा प्रचंड कारखाना. स्वतःचा रंगविभाग, स्वतःचा परवाना, आणि त्या एका परवान्याची काळजी घ्यायला साठ माणसांचं पर्यावरण खातं. शिवाय छोट्या युनिटांकडून रंगवलेलं सूत घ्यायचे ते वेगळंच. या बहीणभावांच्या घरात जेवण तेलुगूत व्हायचं आणि भांडण मराठीत. अंबादास आत आल्या आल्या मराठीत बोलला, तेव्हा श्रीलताबाईंनी चष्मा लावला.

करारातलं चौदावं कलम अंबादासने स्वतः लिहिलं होतं आणि त्याचा त्याला आपल्या मुलींइतका अभिमान होता. १४(क): पुरवठादाराने राज्याचे सर्व पर्यावरण परवाने स्वतःच्या जबाबदारीवर मिळवावेत. १४(ख): मिळवल्यावर टिकवावेत. १४(ग): टिकवल्याचा पुरावा टिकवावा. १४(घ): मंडळाने मंजूर न केलेला कोणताही पदार्थ, कोणत्याही सद्हेतूने, हौदात टाकू नये. आणि १४(ङ): पुरवठादाराचा परवाना मृत झाल्यास, नवा परवाना मिळेपर्यंत त्याच्या रंगकामाचे संपूर्ण व्यवस्थापन दुसऱ्या पक्षाकडे जाईल.

या शेवटच्या ओळीने तोवर तीन युनिटं गिळली होती. एकाने परवाना चकचकीत दिसावा म्हणून पट्टी ब्लीचने पुसली होती. दुसऱ्याने दसऱ्याला तिला हळदकुंकू वाहिलं होतं. तिसरा नुसताच सुट्टीवर गेला होता. तिघांच्या फाटकांवर आता महाटेरीचे फलक होते, आणि तिघेही मालक आपल्याच युनिटांत पाळीप्रमुख म्हणून हजेरी लावत होते.

करार माणसांच्या भरवशावर नव्हता. तो संगणकात राहायचा, परवान्याचा काटा स्वतः वाचायचा, आणि काटा पडला की नोटीस स्वतःच काढायचा. अंबादास म्हणाला की यात दयामाया, ओळखपाळख, उद्या बघू, काहीच चालत नाही, आणि हेच त्याचं सौंदर्य आहे.

श्रीलताबाईंनी शेवटची ओळ आधी वाचली, मग बाकीचं कलम. महाटेरीच्या सुताशिवाय सहापैकी चार टाक्या कोरड्या पडणार होत्या हे त्यांना माहीत होतं, आणि त्यांना माहीत आहे हे अंबादासला माहीत होतं.

"एकच बदल कर," त्या म्हणाल्या. "या कलमात जिथे जिथे पुरवठादार आहे, तिथे उभय पक्ष लिही."

"काय बोललालीस अक्का? आमच्याकडे साठ माणसं आहेत परवान्याला."

"मग तुला लिहायला भीती कसली?"

अंबादास हसला आणि त्याने लिहिलं. वरिष्ठांनीही हसून सही केली. त्या दिवसापासून कराराच्या पडद्यावर दोन काटे दिसू लागले, एक बहिणीचा, एक भावाच्या कंपनीचा.

पुढे आठ महिने काही घडलं नाही, म्हणजे सूत रंगलं, टॉवेल निघाले आणि ओढा हळूहळू पाण्याच्या रंगाचा झाला. या शेवटच्या गोष्टीची लोकांना इतकी सवय नव्हती की दोघांनी तक्रार नोंदवली.

मग श्रावण आला. नारळी पौर्णिमेला सोलापुरात मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो. पद्मशाली समाजातला एकही माणूस त्या दिवशी कामावर येत नाही आणि कुणी बोलावतही नाही. या वर्षी जोडून रविवार आणि आणखी दोन सुट्ट्या आल्या, एकूण चार दिवस. दर वर्षी महाटेरीचा रंगविभाग परगावच्या माणसांवर एक पाळी तरी चालवायचा. यंदा नवी यंत्रं बसवायची म्हणून तोही पहिल्यांदाच पूर्ण बंद राहणार होता.

हे कळल्यावर श्रीलताबाईंनी अंबादासला फोन केला. चार दिवस साय उपाशी राहील, तिला काहीतरी खायला ठेवा, आजच मंडळाला कळवा, डॉ. गव्हाणे तातडीची मंजुरी देतील, असं त्यांनी सविस्तर सांगितलं. अंबादासने ऐकून घेतलं. मग तो म्हणाला की पर्यावरण खात्याने नियोजन केलेलं आहे, चारही दिवस तीनदा गाळलेलं, ओझोनने निर्जंतुक केलेलं पाणी हौदात सोडलं जाईल. इतकं शुद्ध पाणी राज्यात कुठल्याच परवान्याला मिळत नसेल.

"अंबादास, ते पाणी नाही, उपास आहे."

तो म्हणाला, अक्का, तू तुझं बघ. आवाज मात्र थोडा खाली आला होता, कारण छोट्या युनिटची साय टिकत नाही हे त्याने तीनदा पाहिलं होतं, आणि इथे तर चार दिवसांचा बंद होता. बहिणीच्या फाटकावर महाटेरीचा फलक लागला तर तिला पाळीप्रमुख न करता उपव्यवस्थापक करावं, असं टिपण त्याने आधीच लिहून ठेवलं होतं. भाऊ म्हणून तेवढंच त्याच्या हातात होतं.

इकडे याकूबचाचा आणि श्रीलताबाई हौदापाशी उभे होते. चार दिवस रोज सातला येऊन तांब्या कोण ओतणार, हा प्रश्न होता. रखवालदारावर सोडावं तर तो रथाबरोबर जाणार. श्रीलताबाई घरी गेल्या आणि देवघरातून महादेवावर धरायचं तांब्याचं अभिषेकपात्र घेऊन आल्या, बुडाला भोक आणि भोकात सुताची वात. चाचांनी पातळ खळ भरून ते शेवटून दुसऱ्या हौदावर टांगलं, थेंब मोजले, वात थोडी घट्ट केली.

"चार दिन निघतील," ते म्हणाले. "तुमचा देव पाण्यावर भागवतो. हिला कांजी लागते."

पौर्णिमेला, म्हणजे बंदच्या तिसऱ्या दिवशी, अकरा वाजता अंबादास राखी बांधून घ्यायला आला. गळ्यात नवं जानवं, खांद्यावर रेशमी उपरणं, आणि हातात कराराचा पडदा असलेली टॅब. बहिणीचा काटा बघायला ती आणली होती हे त्याने सांगितलं नाही. पाट मांडलेला होता, ताटात नारळीभात होता, लांबून रथापुढचे ढोल ऐकू येत होते. तो पाटावर बसला आणि टॅब मांडीवर उघडली.

बहिणीचा काटा साठवर होता. सकाळीही साठ, कालही साठ. त्याने पडदा बंद करून पुन्हा उघडला. मग त्याची नजर शेजारच्या काट्यावर गेली. तो सत्तावीस होता.

"तुमचा आहे तो," श्रीलताबाई म्हणाल्या. त्यांनीही सकाळपासून पाहिला होता.

अंबादासने खात्यात फोन लावला. ड्यूटीवरच्या माणसाने अभिमानाने सांगितलं की काटा उतरताना दिसताच त्यांनी शुद्ध पाणी दुप्पट केलं आहे. अंबादासने फोनवर हात ठेवला. काटा पंचवीस झाला होता.

"त्यांना म्हण पाणी बंद करा," श्रीलताबाई म्हणाल्या. "आणि काहीही खायला घाला. खळ नसेल तर कॅन्टीनमधली पेज घाला. अजून वेळ आहे."

त्याने ते फोनमध्ये सांगितलं. पलीकडचा माणूस म्हणाला की साहेब, मंजूर न केलेला पदार्थ टाकता येत नाही. अंबादास म्हणाला, मी सांगतो, टाका. पलीकडचा म्हणाला की आपण सांगितलंत तरी कलम चौदा (घ), कोणत्याही सद्हेतूने. मंडळाची तातडीची मंजुरी मागायची तर खातेप्रमुखांची सही लागते, आणि खातेप्रमुख रथ ओढत आहेत.

श्रीलताबाईंनी स्वतः डॉ. गव्हाणेंना फोन लावला. त्या लगेच म्हणाल्या, अर्ज पाठवा, दोन मिनिटांत मंजूर करते. अर्ज कंपनीनेच करायचा होता. अंबादासने खातेप्रमुखांना सात वेळा फोन केला. सातव्यांदा तो उचलला गेला आणि त्यातून फक्त ढोल ऐकू आले.

काटा बावीस. एकवीस. श्रीलताबाईंनी निरांजन लावलं होतं ते तसंच जळत होतं.  त्यांनी भावाचा हात धरला. दुसरं काही करण्यासारखं उरलेलं नव्हतं.

एक वाजून दहा मिनिटांनी काटा एकोणीस झाला. ओढ्याच्या वरच्या अंगाला महाटेरीची झडप बंद झाली. तिचा आवाज अर्थातच इथवर आला नाही. आला तो टॅबचा, आणि पाठोपाठ श्रीलताबाईंच्या फोनचा. दोन्हींवर एकच नोटीस होती. मजकूर अंबादासने दोन वर्षांपूर्वी शांत चित्ताने लिहून ठेवला होता.

"आपणांस कळविण्यात येते की आपला परवाना मृत झाला आहे. याबद्दल आम्हांस खेद आहे. तथापि खेद हा कलम १४ मधील अपवाद नाही. कलम १४(ङ) अन्वये आपल्या रंगकामाचे संपूर्ण व्यवस्थापन या क्षणापासून दुसऱ्या पक्षाकडे जात आहे. किल्ल्या द्याव्यात." प्रति, व्यवस्थापकीय संचालक, महाटेरी लिमिटेड. खाली सही: अंबादास यनगंदूल.

त्याने ती दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना, सवयीने, भाषा चांगली जमल्याचं त्याच्या मनात आलं.

"अक्का," तो म्हणाला, "माझी नोकरी गेली."

"व्यवस्थापन माझ्याकडे आलंय ना? मग मला विचारल्याशिवाय कशी जाईल?" असं म्हणून त्यांनी त्याला राखी बांधली, ओवाळलं आणि नारळीभाताचा घास भरवला. "ओवाळणी नंतर घेईन. आधी जेव. उपाशीपोटी काय होतं बघितलंस ना."

सुट्टी संपल्यावर महाटेरीच्या बैठकीच्या खोलीत वकिलांनी कलम चौदा उलटं करून, सुलटं करून, उजेडाकडे धरून पाहिलं. त्यात फट नव्हती. अंबादासने फट ठेवली नव्हती, आणि ज्या वरिष्ठांनी याबद्दल त्याला बढती दिली होती ते आता त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहत होते. श्रीलताबाई टेबलाच्या टोकाला बसल्या. सोबत याकूबचाचा होते, त्यांनी फिरत्या खुर्चीवर बसायला नकार देऊन साधी खुर्ची मागवली होती.

व्यवस्थापकीय संचालकांनी विचारलं की रंगविभाग अकरा महिने बंदच राहणार का. श्रीलताबाई म्हणाल्या, नाही. त्यांनी डॉ. गव्हाणेंशी बोलून घेतलं होतं. महाटेरीचं सूत चार छोट्या युनिटांत वाटून रंगवता येईल, त्यांच्या साया पचवतील तेवढंच, एक टाकीही जास्त नाही.

संचालक म्हणाले, चार कुठे, तुमचं एकच.

"गिळलेली तीन धरून," श्रीलताबाई म्हणाल्या. "रंगकामाचं संपूर्ण व्यवस्थापन माझ्याकडे आहे. ती तिन्ही तुमच्या रंगकामातच येतात. त्यांच्या नव्या साया गेल्याच महिन्यात पक्क्या झाल्यात, मी मंडळाच्या यादीत बघितलं. तुम्ही मालकांना कळवायचं विसरलात."

त्या दुपारी तीन फाटकांवरचे फलक उतरले. ब्लीच लावणाऱ्या मालकाने आपल्या युनिटची किल्ली हातात घेतली आणि ती साबणाने धुऊ का असं विचारलं. त्याला कुणीतरी बाजूला घेऊन समजावलं. बाईंच्या दुसऱ्या हुकुमाने सगळ्या पुरवठादारांच्या करारात उभय पक्ष आला. तिसऱ्याने साठ माणसांच्या पर्यावरण खात्याला काम मिळालं: आळीपाळीने चारही युनिटांत जाऊन खळ शिजवायला शिकणं.

महाटेरीच्या हौदात नवी पट्टी बसली. मंजुरीच्या अर्जात लिहिलं होतं: चिंचोक्याची खळ, रोज एक तांब्या, घालणार, अंबादास यनगंदूल. तो रोज सकाळी सातला जाऊ लागला. पहिल्या आठवड्यात तो तांब्या ओतून लगेच निघायचा. दुसऱ्यापासून काटा बघत थांबायचा. तिसऱ्या महिन्यात याकूबचाचांनी त्याला हौदावर वाकून काहीतरी बोलताना पाहिलं. काय बोलत होता असं विचारल्यावर तो म्हणाला, कलमाची उजळणी.

अकरा महिन्यांनी काटा साठला पोचला. करारानुसार श्रीलताबाईंनी महाटेरीच्या किल्ल्या परत केल्या, पावती घेतली, आणि टिकवल्याचा पुरावा टिकवावा म्हणून ती जपून ठेवली.

त्या वर्षीच्या पौर्णिमेला अंबादास राखीला आला, तेव्हा त्याने साडी आणली होती. अक्का म्हणाली, साडी राहू दे, माझी मागची ओवाळणी बाकी आहे. तिने त्याच्यासमोर त्याच नोटिशीची छापलेली प्रत ठेवली आणि पेन दिलं. यंत्राने केलेल्या सहीवर तिचा विश्वास नव्हता. अंबादासने हाताने सही केली, दीर्घ उकारासकट.

आता ती नोटीस कुडक्याल डाईंगच्या कचेरीत आहे. कागदी परवाना गेल्यापासून रिकामी पडलेली चौकट तिला बरोबर बसली. मालकिणीच्या खुर्चीमागे, मार्कंडेयांच्या फोटोच्या डावीकडे. अंबादास कामासाठी आला की पाठ तिकडे होईल अशी खुर्ची ओढून बसतो. मग खिडकी समोर येते, आणि खिडकीतून ओढा दिसतो. त्याचा तळ दिसायला लागलाय.